पिवळ्या पेटीचं सील

दिग्विजय सरांनी रजिस्टर माझ्यापुढे उघडून ठेवलं आणि त्यावर पेन ठेवलं, टोपण काढून. एवढी सोय करणारा माणूस दिसला की मला आधी संशय येतो.

"विजयश्री मॅडम, इथे एक सही. बाकी सगळं टाइप करून आणलंय."

मोशीतल्या आमच्या हॉस्पिटलचे ते प्रशासन अधिकारी. दुसऱ्या मजल्यावर कॅन्सरचा विभाग आहे आणि तिथली केमोची औषधं जिथे तयार होतात त्या फार्मसीची मी प्रमुख. पुढच्या गुरुवारी मानांकनाची तपासणी होती. धोकादायक औषध सांडलं तर काय करायचं याचं प्रशिक्षण 'संबंधित सर्व कर्मचाऱ्यांना' दिलं, असं त्या पानावर होतं. खाली अकरा नावं, सगळी फार्मसिस्टची. त्याखाली एक ओळ: वर्षभरात औषध सांडल्याच्या घटना, निरंक.

मी पेनाला टोपण लावलं.

"प्रशिक्षण कधी झालं सर?"

"व्हिडिओ टाकला ना ग्रुपवर. सगळ्यांनी अंगठा दिलाय."

व्हिडिओ अठरा मिनिटांचा होता. आमच्या धनेशचा अंगठा चौथ्या सेकंदाला आला होता. धनेश पाच वर्षं माझ्या हाताखाली आहे, हुशार आहे, पण अठरा मिनिटांचं काही चार सेकंदांत पाहण्याइतका नाही.

"आणि हे निरंक?"

"मग? काही घडलं होतं का?" असं म्हणून ते माझ्याकडे सरळ बघत राहिले. घडलं होतं हे त्यांना माहीत होतं. मला तर होतंच, कारण त्यात माझा हात होता.

"सही नंतर करते," म्हटलं आणि रजिस्टर मिटून माझ्या कपाटात ठेवलं.

घडलं होतं ते असं. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी ट्रॉलीवरून औषधाची एक बाटली घसरली आणि फार्मसीच्या दारातच फुटली. पाण्यासारखं औषध. ना रंग, ना वास. आत तीन पेशंटच्या सलाइनी तयार करायच्या होत्या, बाहेर नातेवाईक ताटकळले होते, आणि मी, एकवीस वर्षांच्या नोकरीची विजयश्री, मान वळवून मोठ्याने ओरडले, "मावशी! जरा हे पुसून घ्या!"

सरूबाई आल्या. परभणीकडच्या, पन्नाशीच्या, मोशीतच दोन खोल्यांत सून आणि नातीबरोबर राहतात. एजन्सीमार्फत सफाईला आहेत. त्यांनी काचा हाताने वेचल्या, फडक्याने औषध टिपलं, फडकं बादलीत पिळलं आणि त्याच बादलीने सगळा कॉरिडॉर पुसून काढला. मी आतून ते पाहिलं. पाहूनही मी सलाइनवर चिठ्ठी चिकटवत राहिले.

आठ दिवसांनी त्यांच्या दोन्ही तळहातांची कातडी सोलून निघाली. ओपीडीतल्या डॉक्टरांनी साबणाची ॲलर्जी लिहिलं. असेलही. मी डॉक्टर नाही. पण तीस वर्षं भांडी घासणाऱ्या बाईला नेमकी त्याच आठवड्यात साबणाची ॲलर्जी व्हावी, हे माझ्या गळी उतरत नव्हतं. त्या हातांना मलम लावून त्या रोज येत होत्या, कारण एजन्सीत रजा मागितली की बदली बाई उभीच असते.

तुम्ही म्हणाल, सांडलेलं औषध उचलायची पेटी नव्हती का? होती की. पिवळी, देखणी, फार्मसीच्या भिंतीवर काचेच्या कपाटात. आत हातमोजे, गाउन, मास्क, चष्मा, औषध शोषून घेणारे पॅड, पिशव्या, सगळं काही. पण तिला प्लास्टिकचं सील होतं आणि कपाटाची किल्ली दिग्विजय सरांकडे. सील तुटलं तर तपासणीला काय दाखवायचं? खंडेनवमीला आम्ही फार्मसीतल्या यंत्रांची पूजा केली तेव्हा सरांनी कौतुकाने कपाट उघडलं होतं. पेटीलाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, फोटो काढला आणि पुन्हा कुलूप. यंत्रांना पुजून दुसऱ्या दिवशी कामाला लावतात, ही आमच्या अख्ख्या चाकणपट्ट्यातली रीत. आमची पेटी तेवढी पुजली गेली आणि बसून राहिली.

रजिस्टर कपाटात ठेवताना माझी नजर माझ्या ॲप्रनच्या बाहीवर गेली. पूजेच्या दिवशीचा हळदीचा डाग. चार वेळा धुतला होता तरी होताच. आणि तिथेच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, "सफाईच्या बायकांना मी शिकवते. रोज अर्धा तास द्या."

"त्या आपला स्टाफ नाहीत. एजन्सी बघेल."

"सांडलं की बोलावता कोणाला? एजन्सीला?"

"हॉल रिकामा नाही. आणि मॅडम, उगाच त्यांच्या डोक्यात भीती घालू नका. उद्या कामाला नाही म्हणतील."

म्हणजे भीती वाटण्यासारखं काही आहे, हे त्यांनाही मान्य होतं. मी हॉल मागायचं सोडून दिलं.

दुपारी दोन वाजता जेवणाच्या सुट्टीत, औषधांच्या रिकाम्या खोक्यांच्या खोलीत, आमची शाळा भरली. विद्यार्थिनी दोन: सरूबाई आणि त्यांची जोडीदार शालनबाई. सरूबाईंच्या हातांना मी आधी सुती मोजे घालायला लावले, त्यावर रबरी. घरून आणलेली हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळली होती आणि त्यात इतकं पाणी घातलं होतं की फरशीवर ओतल्यावर धड पिवळीही दिसेना. कॅश काउंटरवरचा नोटा तपासायचा निळा दिवा मी पदराआड लपवून आणला होता. कशाला, ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

"हे औषध सांडलंय असं समजा," मी म्हटलं. "नेहमी पुसता तसं पुसा."

दोघींनी पुसलं. आतून बाहेर, दाराकडे, घर झाडतात तसं. झकास पुसलं, फरशीत तोंड दिसावं असं. मग मोजे ओढून काढले, शालनबाईंनी पदर सारखा केला, सरूबाईंनी डबा उघडला.

"झालं की ताई. आता जेवू द्या."

मी खिडकीवर पुठ्ठा लावला, ट्यूब बंद केली आणि दिवा लावला.

"हात दाखवा."

शालनबाई किंचाळल्याच. त्या दिव्यात हळद चमकते; तिचा हिरवट पिवळा उजेड त्यांच्या नखांत होता, मनगटावर होता, पदराच्या काठावर होता, कानामागे होता. फरशीवर डबकं होतं त्याच्या चौपट जागेत पट्टे पसरले होते, थेट दारापर्यंत. सरूबाईंच्या डब्याच्या कडीवर बोटं उमटली होती. डब्यातल्या भाकरीवर एक अंगठा चमकत होता.

"अगं माय!" शालनबाई हसायला लागल्या. "भूत दिसायलीस गं सरू तू!"

सरूबाई हसल्या नाहीत. त्या भाकरीकडे बघत होत्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "मंग त्या दिवशी बी असंच झालं आसंल. ते दिसलं न्हाई, येवढंच."

"हो."

"मी घरी जाऊन पीठ मळलं. नातीला घास भरवला. ती चार वर्साची हाय." त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले. "तुमाला ठावं होतं का, ते काय हाय म्हून?"

मला खोटं बोलता आलं असतं. खोलीत अंधार होता.

"ठाऊक होतं. मीच तुम्हाला हाक मारली. चूक माझी आहे, सरूबाई. माझी लाज मलाच वाटते."

मला वाटलं, आता या उठतील, निघून जातील, आणि मला ते चालणार होतं. पण सरूबाईंनी तो दिवा माझ्या हातातून घेतला आणि माझ्यावरच फिरवला. माझ्या चष्म्याच्या दांडीवर, मंगळसूत्राच्या वाटीवर हिरवट ठिपके चमकत होते. मी तर फक्त बाटली ओतली होती.

"तुमाला बी येत न्हाई की," त्या म्हणाल्या. "शिका आन् शिकवा. आन् शिकून झालं की माझं नाव लिवा तुमच्या वहीत. मावशी न्हाई लिवायचं. नाव लिवायचं."

पाच दुपारी आम्ही हळद सांडली. आधी हात आडवे करून लोकांना थांबवायचं. गाउन, मास्क, चष्मा, दोन जोड मोजे. पॅड टाकून शोषायचं, आणि पुसायचं ते कडेपासून आत. एवढं एक त्यांच्या हाताला वळेना. तीस वर्षं हात दाराकडे जायला शिकलेले. सरूबाई स्वतःवरच चिडायच्या, "ये की माघारी मेल्या," असं आपल्या हाताला दटावायच्या. काच चिमट्याने उचलायची. वरचे मोजे उलटे करत काढायचे. चौथ्या दिवशी दिवा लावला तर शालनबाईंच्या कोपरावर एक ठिपका. पाचव्या दिवशी सरूबाईंचे हात निळ्या उजेडात नुसतेच निळे दिसले, सोललेल्या कातडीसकट. मी मात्र त्याही दिवशी नापास, चष्म्याला हात लावायची माझी खोड जाईना. शालनबाईंनी टाळ्या पिटल्या.

टाळ्या दिग्विजय सरांनी ऐकल्या. दार उघडून ते उभे राहिले. फरशीवर हळद, माझ्या हातात कॅश काउंटरचा दिवा.

"हे काय चाललंय?"

"प्रशिक्षण. तुमच्या कागदावर लिहिलंय ना, झालं म्हणून. ते खरं करतेय."

ते बायकांसमोर काही बोलले नाहीत. केबिनमध्ये बोलले. गुरुवारी सफाईच्या सगळ्या बायका तळमजल्यावर थांबतील, वर एकही दिसता कामा नये. फार्मसीत पाणी सांडून धनेश प्रात्यक्षिक दाखवेल, त्याची तालीम घेतली आहे. मी बुधवार संध्याकाळपर्यंत सही करायची. नाही केली तर माझ्या जागी दुसरं कोणी बघावं लागेल, आणि त्या सरूबाईंबद्दल एजन्सीला कळवावं लागेल.

"काय कळवाल?"

"की हाताला त्वचारोग असलेली बाई पेशंटच्या मजल्यावर चालत नाही."

रागाने माझी कानशिलं तापली. ज्या हातांनी आमची घाण निस्तरली तेच हात आता त्यांना काढून टाकायला कारण म्हणून चालणार होते! घरी चऱ्होलीला जाताना स्कूटरवर मी मोठमोठ्याने भांडत होते, सिग्नलला शेजारच्या माणसाने वळून पाहिलं. सही केली तर सरूबाई निदान कामावर राहतील, असं एक मन म्हणे. मग त्या भाकरीवरचा अंगठा आठवे. बुधवार संध्याकाळ आली आणि गेली. मी सही केली नाही.

गुरुवारी तपासणीला जयमाला मॅडम आल्या. साठीच्या, बुटक्या, खांद्याला कापडी पिशवी. सर त्यांना घेऊन फार्मसीत आले. धनेश गाउन घालून नवरदेवासारखा तयार होता. त्याच्यासाठी नवीन मोजे, नवीन पॅड वेगळे मागवले होते. पिवळी पेटी काचेआड, सील शाबूत, कडेला कुंकू.

"इथे नको," जयमाला मॅडम म्हणाल्या. "औषध काय सांगून सांडतं?"

त्या बाहेर कॉरिडॉरमध्ये गेल्या, लिफ्टसमोर, जिथे पेशंट बाकांवर बसतात. पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि सरळ फरशीवर ओतली.

"समजा, केमोचं औषध आहे. चला."

धनेशची तालीम फार्मसीतली होती. लिफ्टसमोरची नव्हती. त्याने डबक्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि पाच वर्षांची सवय त्याच्या तोंडातून बाहेर पडली.

"मावशी!"

खोटं कशाला सांगू, माझ्याही ओठांवर तोच शब्द आला होता. मी तो दातांत धरला.

सरांचा चेहरा पांढराफटक. पण हाक जिन्यातून खाली पोचली होती. सरूबाई जिना चढून आल्या, मागे शालनबाई. मला वाटलं, मॅडमना बघून बिचकतील. त्यांनी डबकं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी फक्त म्हटलं, "केमोचं औषध सांडलंय, सरूबाई."

त्यांनी दोन्ही हात आडवे केले. "थांबा! कोणी म्होरं यायचं न्हाई. शालन, त्या पेशंटला तिकडं घे. दादा, पाय उचला, मागं सरा." हे शेवटचं धनेशला. मग त्या दिग्विजय सरांकडे वळल्या.

"पेटी द्या."

"अहो, ती... धनेशसाठी वेगळं सामान आणलंय आत, ते घ्या."

"औषध इथं सांडलंय. किल्ली द्या साहेब."

सरांनी मॅडमकडे पाहिलं आणि खिशातून किल्ली काढली, नाइलाजाने. सरूबाईंनी फार्मसीतलं कपाट उघडून पेटी बाहेर लिफ्टसमोर आणली, सीलमध्ये बोट घातलं.

"सील तोडू नका!" सर ओरडले. तपासणीला आलेल्या बाईंसमोर, पन्नास पेशंटसमोर ओरडले. "मार्क जातील!"

कट्ट असा आवाज आला. कुंकवाची खपली फरशीवर पडली.

सरूबाईंनी सगळं ओळीने केलं. गाउन, मास्क, चष्मा, दोन जोड मोजे. पॅड टाकले. मग हात कडेपासून आत, कडेपासून आत, एकदाही दाराकडे गेला नाही. तीनदा धुतलं. वरचे मोजे उलटे, पिशवी, गाठ, मग आतले मोजे. शेवटी बेसिनवर साबणाने हात, आणि त्या वेळी ते मलम लावलेले तळहात मॅडमना दिसले.

"हे कशानं झालं?"

"एक डाव खरं औषध सांडलं होतं. तवा मला कोणी सांगितलं नव्हतं."

जयमाला मॅडमनी रजिस्टर मागितलं. मी कपाटातून आणून दिलं. त्यांनी अकरा नावं वाचली, निरंक वाचलं.

"यांचं नाव कुठे आहे?"

"त्या एजन्सीच्या आहेत," सर म्हणाले. "आमच्या स्टाफमध्ये मोडत नाहीत."

"सांडल्यावर तुमच्या स्टाफने हाक त्यांनाच मारली," मॅडम म्हणाल्या.

"आणि इथे सही नाही," म्हणत त्या माझ्याकडे वळल्या. "का?"

मी रजिस्टर हातात घेतलं. निरंक या शब्दावर रेघ मारली. खाली लिहिलं: दसऱ्यानंतरचा मंगळवार, सकाळी साडेदहा, फार्मसीचं दार, एक बाटली. पेटी कुलपात होती. 'पुसायला कोणी सांगितलं' असा रकाना छापलेला नव्हता, म्हणून समासात लिहिलं: मी सांगितलं, धोका माहीत असूनही. आणि त्याखाली सही केली. सही हवी होती ना सरांना, मिळाली.

मग पेन सरूबाईंना दिलं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. अकरा नावांच्या खाली त्यांनी बारावं नाव लिहिलं, सावकाश, शिरोरेघ ओढून: सरूबाई धोंडीबा रणखांब. शालनबाईंनी तेरावं लिहिलं. धनेश म्हणाला, "मॅडम, माझं नाव खोडा. मी तो व्हिडिओ पाहिलेला नाही." त्याच्यावरचा माझा निम्मा राग तिथेच गेला.

मला दोन मेमो आले. एक सील तोडायला चिथावल्याबद्दल, दुसरा कॅश काउंटरचा दिवा परवानगीशिवाय नेल्याबद्दल. दोन्हींची उत्तरं मी दिली आणि दोन्हींत एकदाही दिलगीर हा शब्द लिहिला नाही. चौकशी अजून चालू आहे. सरूबाईंना मात्र कोणी हात लावू शकलं नाही, रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो जयमाला मॅडमच्या अहवालात गेला आहे. हात त्वचेच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले, तिथे कारण म्हणून सांडलेल्या औषधाचं नाव कागदावर लिहून घेतलं. बरे होत आहेत, हळूहळू.

परवा सोमवारी फार्मसीच्या दारात खरोखरच एक बाटली फुटली. धनेशने तोंड उघडलं, "माव..." आणि थांबला. सरूबाई तिथेच होत्या, खिडकी पुसत होत्या. त्यांनी फडकं ठेवलं, कपाट उघडलं, त्याला आता कुलूप नाही. पेटी काढली आणि धनेशच्या पुढ्यात ठेवली.

"आज तुमची पाळी, दादा."

धनेशने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनवर चिठ्ठी चिकटवत होते, मान वर केली नाही.

तो गाउन घालून गुडघ्यावर बसला. सरूबाई हात आडवे करून लोकांना अडवत त्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. "हळू. चिमटा घ्या, बोटं न्हाई. आता कडंपासून. आत, आत. दाराकडं न्हाई जायचं!" दहा मिनिटांनी सगळं आवरून, हात धुऊन तो उठला आणि घाम पुसायला निघाला.

"थांबा," सरूबाई म्हणाल्या. "खरं औषध दिव्यात बी दिसत न्हाई, म्हून उद्या दोन वाजता खोक्यांच्या खोलीत यायचं. हळद मी आणते. पाच दिवस. मंगच तुमचं नाव वहीत."

"रोज?"

"रोज. आन् जाताना हात दाखवून जायचं."